पेशंट एक, फी देणारा दुसरा



तुमची एकांकिका खोळंबली आहे, तेव्हा थोडक्यात बोलतो.

मी जनावरांचा डॉक्टर. आमच्या धंद्यात एक गोम आहे. पेशंट एक आणि फी देणारा दुसरा. पेशंट बोलत नाही, फी देणारा भरपूर बोलतो. मुलुंडचे एक गृहस्थ म्हणाले, “नव्या टॉवरमध्ये कुत्रा चालत नाही, इंजेक्शन देऊन टाका.” कुत्रा ठणठणीत, टेबलावर बसून माझा हात चाटतोय! सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, हे सांगणाऱ्या प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना छापून त्यांच्या हातात दिल्या.

पण खरी परीक्षा तबेल्यात. जोगेश्वरी-गोरेगावचे तबेले तुमच्यापैकी काहींच्या घरामागेच आहेत. रेडकू कासेला ढुशा देतं, तेव्हा म्हशीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा फुटतो. पण रेडकाने दूध प्यायचं म्हणजे मालकाचं नुकसान. त्यातून नर असेल तर त्याला विचारतो कोण? अनेकदा ते उपासमारीनेच जातं. मग म्हैस पान्हा चोरते आणि धारेआधी रोज ऑक्सिटोसिनची सुई सुरू होते. “डॉक्टर, तेवढी बाटली लिहून द्या,” असा फोन मला येतो. हे औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. म्हणजे कायद्याने किल्ली माझ्या पेनात.

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या १२व्या कलमानुसार, दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक सुई देणं गुन्हा आहे. त्याच कलमात ‘फुंका’ही आहे, म्हणजे दूध काढण्यासाठी जनावराच्या योनीत हवा फुंकणं. गाई-म्हशींवरच्या या अघोरी प्रकाराची माहिती झाल्यावर गांधीजींनी दूध सोडलं होतं. १९१९मध्ये ते मुंबईत आजारी असताना कस्तुरबांनी शेळीच्या दुधावर त्यांचं मन वळवलं.

पण तबेलेवाला राक्षस नसतो. चारा महाग, दूध वेळेवर पोचलं नाही तर गिऱ्हाईक तुटतं. त्याला नुसतं ‘नाही’ सांगून मी निघून आलो, तर बाटली काळ्या बाजारातून येते. म्हणून तिथेच बसकण मारतो. कास कोमट पाण्याने धुवा, हलक्या हाताने चोळा, धारेच्या वेळी पुढ्यात आंबोण ठेवा, वेळ बदलू नका, धार काढणारा माणूस बदलू नका. आठवडाभर दूध कमी पडेल, हेही आधीच सांगतो. काही म्हशी ऐकतात. काही मालकही.

जे ऐकत नाहीत, ते दुसरा डॉक्टर गाठतात. १९९२पासून आम्हा पशुवैद्यांना लेखी आचारसंहिता आहे, तरी चिठ्ठी देणारा सापडतोच. कधी तो माझ्याच बॅचचा निघतो. मग त्याला फोन करावा लागतो, आणि तबेलेवाल्याशी हुज्जत घालण्यापेक्षा ते बोलणं मला जड जातं.