धुरानं नेलेली कुरणं
(कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण)



आज लांबच्या एका शहराची हकीगत सांगतो. दक्षिण अमेरिकेत पेरू देश आहे. तिथल्या अँडीज डोंगरात सेरो दे पास्को हे खाणीचं शहर आहे. उंची ४३०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून जास्त.

भोवतालचे लोक केचुआ भाषा बोलणारे, तिथले मूळ रहिवासी. मेंढ्या पाळायचे. कुरण कुणा एकट्याचं नव्हतं, साऱ्या गावाचं होतं.

चांदी तिथं आधीपासून निघायची. १९०२ साली अमेरिकन कंपनी तांब्यासाठी आली. १९२२ मध्ये तिनं ला ओरोया इथं धातू गाळायची मोठी भट्टी पेटवली. तिच्या विषारी धुरानं गवत जळालं, जनावरं मेली. लोकांनी नुकसानभरपाई मागितली. कंपनीनं काय केलं? जळालेल्या जमिनीच विकत घेतल्या! पुढं धुराड्यांना धूळ अडवणारी यंत्रं बसवली. गवत परत आलं, पण त्यावर चरायला लागली कंपनीची मेंढरं. कुरण गेलेला माणूस खाणीत मजूर झाला.

१९६० साली रांकास गावचे लोक आपल्या चराईच्या जमिनीसाठी उभे राहिले. २ मे रोजी पोलिसांनी गोळ्या घातल्या. तीन जणं मेली.

आता शहराचं बघा. आधी खाण जमिनीच्या पोटात होती. १९५६ पासून उघडा खड्डा खणायला घेतला, तोही भर वस्तीत. खड्डा रुंदावत गेला तशी घरं गेली, रस्ते गेले, जुना चौक गेला. लोकांना बाजूला नवी वस्ती करून दिली. १९७४ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. मालक बदलला, खड्डा मात्र वाढतच राहिला.

म्हणजे बघा, धुरानं आधी गावांची कुरणं नेली, मग खड्ड्यानं शहरही खाल्लं. मजुरी खनिज असेतोवर. कुरण पिढ्यान् पिढ्या पोसत होतं.

आपल्याकडंही साहेब येतो, भरपाईचा आकडा सांगतो, कागद पुढं करतो. सात-बारावर नाव नाही म्हणून आपला माणूस घाबरतो. तेव्हा एवढं ठरवा: एकट्यानं अंगठा द्यायचा नाही. कागद गावाच्या बैठकीत मोठ्यानं वाचायचा. बाया हजर पाहिजेत. रान, पाणी, चराई यांची मोजदाद आपणच आधी करून ठेवायची.

जमीन आमच्या हक्काची!