खत झाडाला, पण बुंध्यापासून लांब

मंडळी, सेक्रेटरींनी दोनच मिनिटं दिली आहेत, म्हणून थेट कबुलीच देतो. मागच्या गेटजवळचा आंबा दोन वर्षांपूर्वी सुकायला लागला, तेव्हा सगळ्यांनी रंगकामवाल्यांना दोष दिला. खरा दोषी मी. आपल्या ड्रममधलं कंपोस्ट मी हौसेने टोपल्या-टोपल्यांनी बुंध्याशी रचत होतो. सतत ओल राहून साल कुजली. शिवाय खत अर्धकच्चं. हात घातला तर गरम लागायचं.

माळीदादा म्हणाले, "काका, झाडाचं तोंड बुंध्याला नसतं." अन्न घेणारी बारीक मुळं लांबवर, फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. मग बुंधा मोकळा केला, वीतभर जागा सोडली आणि तिथून घेरापर्यंत दोन बोटं जाडीचा थर दिला, वर वाळका पाला. खत झालं की नाही ते नाकाला कळतं. आंबूस वास आला तर थांबायचं, ओल्या मातीसारखा आला की घालायचं.

आणि ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या टाकू नका हो, मला त्या हाताने वेचाव्या लागतात!

यंदा आंब्याला मोजून अकरा कैऱ्या लागल्या आहेत. मुलांनो, अक्षय्य तृतीयेपर्यंत तरी दगड मारू नका.