जरा, औषध आणि पुरावा



वार्धक्य टळावे ही मानवाची इच्छा फार पुरातन आहे. ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले; आयुर्वेदाने आपल्या आठ अंगांपैकी रसायनतंत्र हे अंग जरानिवारणास वाहिले. आधुनिक विज्ञान या इच्छेकडे कसे पाहते, हे रॅपामायसिन या द्रव्याच्या इतिहासावरून समजते.

१९६४ च्या अखेरीस कॅनडाचे एक वैद्यकीय पथक प्रशांत महासागरातील ईस्टर बेटावर गेले. तेथून आणलेल्या मातीतील एका जिवाणूपासून डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी माँट्रियल येथे हे द्रव्य वेगळे केले. बेटाच्या ‘रापा नुई’ या स्थानिक नावावरून त्याचे नामकरण झाले. प्रारंभी ते बुरशीनाशक म्हणून अभ्यासले गेले. पुढे माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा सेहगलांनी नमुने घरच्या फ्रीजमध्ये जपून ठेवले. १९९९ मध्ये मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणानंतर द्यावयाचे औषध म्हणून अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

पेशीमध्ये ‘टॉर’ नावाचे एक प्रथिन असते. पोषण मुबलक असताना ते पेशीस वाढीची आज्ञा देते. रॅपामायसिन ती आज्ञा मंदावते. मग पेशी आपल्यातील जीर्ण घटक मोडून त्यांचा पुनर्वापर करू लागते. २००९ मध्ये अमेरिकेतील तीन संस्थांनी ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयाच्या, उंदरांना हे द्रव्य दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९० टक्के उंदीर मृत्यू पावण्याचे वय माद्यांत १४ टक्क्यांनी व नरांत ९ टक्क्यांनी पुढे गेले. औषध इतक्या उशिरा सुरू करूनही लाभ व्हावा, हे विशेष होते.

तथापि पिंजऱ्यातील उंदीर संसर्गापासून सुरक्षित असतो. संसारी मनुष्य नसतो. हेच औषध रोगप्रतिकारशक्ती दडपते, तोंडात व्रण आणते, जखमा भरण्यास विलंब लावते आणि रक्तातील मेद वाढवते. मानवाचे आयुष्य त्याने वाढते, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. ययातीच्या तारुण्याची किंमत पुरूने चुकविली; औषधाची किंमत मात्र घेणाऱ्याच्याच देहाला चुकवावी लागते.

म्हणून दीर्घायुष्याचे आश्वासन देणारी जाहिरात समोर आली की सुज्ञ वाचकाने चार प्रश्न विचारावेत: प्रयोग कोणावर झाला, कितीजणांवर झाला, किती काळ चालला आणि अपाय कोणता झाला? शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या वास्तूत असे प्रश्न विचारण्याची सवय जडावी, हे तिच्या कार्यास साजेसेच होईल.