लहान मुलांचे दंतोपचार आणि संपूर्ण भूल
(वार्षिक सभेतील व्यवस्थापकांचे भाषण)



ताळेबंद या अहवालात पुढे छापला आहेच. त्यातील एका खर्चाविषयी मात्र चार शब्द बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. तो खर्च म्हणजे लहान मुलांवर संपूर्ण भूल देऊन केले जाणारे दंतोपचार. ‘दुधाचे दात पडणारच, त्यांच्यासाठी मुलाला बेशुद्ध कशाला करायचे?’ असे पालक विचारतात आणि देणगीदारही विचारतात. प्रश्न रास्त आहे.

दुधाच्या वीस दातांपैकी शेवटची दाढ पडते ती अकराव्या-बाराव्या वर्षी. तीन वर्षांच्या मुलाची दाढ खोल किडली, तर ते मूल जेवण टाळते, रात्री कळवळते. गळू झाल्यास सूज गालावर चढते आणि खाली तयार होणाऱ्या कायमच्या दातालाही इजा पोहोचू शकते. आपल्या भिवंडीत यंत्रमाग रात्रंदिवस चालतात. पाळीवरून थकून आलेल्या घरात बाळ निजावे म्हणून साखर घातलेल्या दुधाची बाटली दिली जाते. झोपेत लाळ कमी सुटते, साखर दातांवर तशीच राहते आणि कीड वाढते.

एखाद्या दाताचे काम समजूतदार मूल खुर्चीत बसून करून घेते. आठ-दहा दात किडलेले अजाण मूल, किंवा विशेष गरजा असलेले मूल, तसे बसू शकत नाही. हातपाय धरून काम उरकले, तर दवाखान्याची धास्ती पुढे अनेक वर्षे टिकते. अशा मुलांसाठी भूल हा दयेचा मार्ग आहे. बोस्टन येथे 16 ऑक्टोबर 1846 रोजी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखविणारे विल्यम मॉर्टन हे स्वतः दंतवैद्यच होते.

मुलाला दातांचे काम कळतही नाही. त्याला जाणवते ती सकाळची भूक, तोंडावर येणारा अनोळखी मास्क आणि जागे होताना आई न दिसणे. भुलेत उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाऊ नये, म्हणून अन्न व वरचे दूध सहा तास, अंगावरचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करावे लागते. पहाटे मूल रडते, आजीला राहवत नाही, ती चहात बुडवून खारी देते. मग उपचार पुढे ढकलावे लागतात आणि घरच्यांचा रोज बुडतो. म्हणून सर्वांत लहान मुलाला पहिला क्रमांक देण्याची आणि सूचना मराठी, हिंदी, उर्दू व तेलुगूत तोंडी समजावण्याची पद्धत आम्ही ठेवली आहे. शुद्धीवर येताना काही मुले आक्रोश करतात, आईलाही ओळखत नाहीत. हे बहुधा थोड्याच वेळात निवळते. त्या वेळी आई खाटेशी असावी, असा आमचा आग्रह आहे.

‘मेंदूवर परिणाम होईल का?’ ही भीतीही स्वाभाविक आहे. तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक काळ किंवा वारंवार भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2016 मध्ये सावध केले. अर्भकांना एकदाच, तासाभराहून कमी वेळ दिलेल्या भुलेचा पाचव्या वर्षीच्या बुद्धीवर परिणाम आढळला नाही, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील अभ्यासाने दाखविले. म्हणूनच शक्य तेवढे सर्व काम एकाच भुलेत करणे हिताचे.

मूल त्याच दिवशी घरी जात असले, तरी भूलतज्ज्ञ, प्राणवायू व देखरेखीची यंत्रे मोठ्या शस्त्रक्रियेइतकीच लागतात. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केली. त्या खाटेमागचा हा न दिसणारा खर्च आपल्या देणगीतून भागतो.

पालकांना एकच विनंती : रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नका आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचे दात एकदा दाखवून घ्या. दुसऱ्यांदा भूल द्यावी न लागणे, हेच आपल्या देणगीचे खरे सार्थक होय.