वेटोळ्याचा तुकडा

एडवणच्या किनाऱ्यावर ओहोटीला फिरणाऱ्याच्या पिशवीत शिंपल्यांबरोबर एखादा वेटोळ्याचा दगडही येतो. लगेच कुणीतरी म्हणतं, शाळिग्राम! ओळखीच्या एका घरी अशा तुकड्यावरून दोन दिवस वाद चालला. आजीला तो देव्हाऱ्यात हवा, नातवाला विकायचा.

शाळिग्राम मिळतो नेपाळात, काली गंडकीच्या पात्रात. त्यातलं चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्रजीवाचं कवच. आपल्या कोळणीच्या टोपलीतल्या माकुलाचा हा दूरचा नातलग. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर गेले त्याच सुमारास हाही संपला. आपला काळा पाषाण म्हणजे त्याच काळाच्या आगेमागे वाहिलेला लाव्हा. कवच जपतो तो समुद्रतळाचा गाळ, लाव्हा नव्हे. आणि किनाऱ्यावरची वाळू तर कालपरवाची. एडवणच्या खडकात अमोनाइट शोधू नये.

मग त्या घरातलं चक्र कसलं? मी नातवाला म्हटलं, रेघेवर बोट ठेव आणि फिरव. बोट निघालं तिथंच परत आलं. वेटोळं असतं तर आत आत गेलं असतं. काळा पाषाण झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, त्यांची ही वर्तुळं. आजी जरा हिरमुसली. नातू जास्त.

खऱ्या अमोनाइटचाही बहुधा तुकडाच हाती येतो. गोगलगायीचं वेटोळं शेंड्याकडे चढतं, याचं बहुतेक वेळा एकाच पातळीत, जिलबीसारखं. कमानीएवढाच तुकडा असेल तर कंगोरे पाहावेत. शिंपल्यावर ते एका टोकातून पंख्यासारखे पसरतात, इथे कमानीवर आडवे जातात. आतल्या बाजूला अनेकदा खाच असते, आधीचा वेढा तिथे टेकलेला असतो. वरचं कवच गेलं असेल तर तर मजाच! आतल्या कप्प्यांच्या भिंती जिथे कवचाला मिळत, तिथे नक्षीदार रेघ दिसते, कोथिंबिरीच्या पानाच्या कडेसारखी. ती दिसली की शंका फारशी उरत नाही.

हे पाहायचं तर कच्छ गाठावं. वागेन या अभ्यासकाने १८७३ ते १८७५ दरम्यान तिथल्या अमोनाइटांवर मोठं काम प्रसिद्ध केलं. कोणत्या थरात कोणता प्रकार, यावरून खडकाचं वय लागतं. म्हणून गेलात तर तुकडा उचलण्याआधी जागेवरच फोटो घ्या, गाव, ओढा आणि थर वहीत लिहा. पिशवीत पडल्यावर तो तुकडा काहीच सांगत नाही.