केमो चालू असलेल्या घरी जाताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात चोपडे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)





दरवर्षी या वेळेला वक्ते संतांवर बोलतात, लोकमान्यांवर बोलतात. यंदा मंडळाने आम्हाला सांगितले की तुमच्या घरात गेल्या दीड वर्षात जे झाले त्यावर बोला. आम्ही म्हणजे आमचे सगळे घर: आई, आम्ही दोघे भाऊ, दोन्ही सुना आणि मुले. आमच्यातला एकच इथे उभा राहिला आहे, कारण रोज फाईलवर टिपणे लिहिणाऱ्या माणसाला चार वाक्ये जुळवता येतील असा घरच्यांचा समज आहे.

आमच्या थोरल्या वहिनींना स्तनाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया, केमो, विकिरण असे सगळे टप्पे झाले. त्या आता समोरच बसल्या आहेत आणि त्यांना विचारूनच हे बोलत आहोत. आजार कसा होतो, का होतो हे डॉक्टर सांगतील. आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच, की अशा घरी जाताना हातात काय न्यावे.

आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. आमच्याकडेही कोणी रिकाम्या हाताने आले नाही. सफरचंदे आली, बिस्किटांचे पुडे आले, ताकदीच्या पावडरीचे डबे आले, मोगऱ्याचे हार, उदबत्त्या, अंगारे, काढ्याच्या बाटल्या आल्या. माया सगळ्यांचीच होती. पण कुठली वस्तू वापरली गेली आणि कुठली कपाटावर राहिली, हे आम्ही पाहत गेलो.

पहिली गोष्ट वासाची. केमो चालू असताना नाक फार तिखट होते. ज्या मोगऱ्याने एरवी मन प्रसन्न होते त्याच मोगऱ्याने मळमळते. उदबत्ती, अत्तर, फोडणी, तळलेले मासे, सगळ्याचे तेच. शिवाय केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली येतात, तेव्हा संसर्गाची भीती असते. म्हणून कित्येक वॉर्डांत ताजी फुले नेऊच देत नाहीत. कापलेली फळे, कच्ची कोशिंबीर, न शिजवलेली चटणी हेही त्या दिवसांत वर्ज्य. चवथ झाल्यावर माटोळीची फळे प्रसाद म्हणून वाटतो, ती चार-पाच दिवस टांगलेली असतात. ती अशा माणसाच्या हातात ठेवू नयेत. केळे किंवा मोसंबे आणावे, घरी धुऊन सोलून देता येते.

जिभेचे तर विचारूच नका. वहिनी म्हणायच्या, पाणीसुद्धा पत्र्यासारखे लागते. स्टीलचा चमचा तोंडात घालवत नसे. आमच्या मावशीने काय केले, तर करवंटीची एक लहान डवली तासून, घासून गुळगुळीत करून आणली. वहिनींनी पुढचे चार महिने पेज त्या डवलीने खाल्ली. बाजारातल्या किमतीने ती वस्तू काहीच नाही. पण मावशीने आधी फोन करून 'तोंडाला काय सोसते गो' एवढे विचारले होते. आपल्यात विचारून भेट नेणे थोडे कमीपणाचे मानतात. इथे विचारूनच न्यावे. तोंड आलेले असेल तर सोलकढी झोंबते. नसेल तर तीच आंबट चव बरी वाटते. आज जे चालते ते पुढच्या आठवड्यात चालत नाही.

जेवणाचा डबा देणाऱ्यांना एक विनंती. उकड्या तांदळाची मऊ पेज, मुगाचे कढण, मऊ भात-वरण, थोडे थोडे द्यावे. आणि डबा असा द्यावा की तो परत करावा लागू नये. रिकामा डबा परत करू नये असे आपल्याकडे मानतात. त्यामुळे झाले असे की दहा घरांचे दहा डबे ओट्यावर जमले आणि त्यांत काय घालून परत करायचे याची चिंता आजारी बाईला लागली! शेवटी आमच्या आईने सगळे डबे धुऊन एका पिशवीत घातले आणि स्वतः घरोघर फिरून 'यात काही नाही, रागावू नका' म्हणून देऊन आली. त्या दिवशी वहिनी शांत झोपल्या.

यातूनच आम्हाला भेटीची परीक्षा सापडली. भेट घेणाऱ्याकडून काही मागते का, हे पाहावे. परत करायचा डबा मागतो. 'काही लागले तर सांगा हं' हे वाक्यसुद्धा मागते. काय लागेल हे ठरवायचे, कोणाला सांगायचे हे ठरवायचे आणि मग संकोच सोडून सांगायचे, इतकी कामे त्या माणसावर पडतात. आमच्या वाड्यावरचे एक शेजारी तसे काही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "दर तिसऱ्या सोमवारी सकाळी सहा वाजता आमची गाडी तुमच्या दारात." बस्स. केमो दर तीन आठवड्यांनी होती. चोपड्याहून शिवोलीचा पूल, म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल, पणजी आणि मग बांबोळीचे गोमेकॉ. बसने जायचे तर तीन बसगाड्या बदलायच्या, आणि येताना पोटात ढवळत असताना पुन्हा तेच. ज्येष्ठांना आठवत असेल, पूल नव्हता तेव्हा शापोरा नदीवर फेरीबोटीची वाट पाहायची. आता रस्ता आहे, पण रस्ता असला म्हणजे गाडी असतेच असे नाही. विकिरण सुरू झाले की आठवड्याचे पाच दिवस, कित्येक आठवडे, रोज जायचे असते. अशा वेळी कोणी एक वार आपला मानला तरी त्याच्याइतकी मोठी भेट नाही. ते शेजारी बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसत. डॉक्टर काय म्हणाले, हे त्यांनी कधी विचारले नाही.

केमो देतात तिथे चार-पाच तास, कधी जास्तही, बसावे लागते आणि खोली थंडगार असते. धुऊन मऊ झालेली सुती शाल, पायमोजे, फोनची लांब वायर, कानाला लावायचे यंत्र आणि त्यात भरून दिलेली भजने किंवा दशावतार, ह्या वस्तू कामाला आल्या. जाड पुस्तक कोणी देऊ नये. मन लागत नाही, दोन पाने वाचली की पहिले विसरते. काही औषधांनी तर थंड वस्तूला हात लावला तरी बोटांत मुंग्या येतात, मग थंड सरबताची बाटली काय कामाची? आणखी एक वस्तू सांगतो, ती ऐकायला भेटीसारखी वाटणार नाही: ताप मोजायचा साधा डिजिटल थर्मामीटर. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप गेला तर घरी गोळी देऊन वाट पाहायची नसते, लगेच इस्पितळ गाठायचे असते. आमच्या घरी थर्मामीटर होता, पण सेल संपलेला. भावजीने नवा आणला आणि एका रात्री दीड वाजता त्याचा उपयोग झाला.

आता केसांबद्दल. सगळ्याच औषधांनी जात नाहीत, पण काहींनी पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत जायला लागतात. आपल्याकडे चवथीला सुनेला, लेकीला अबोलीची फाती देतात. गेल्या चवथीला दोघीतिघी अबोली घेऊन आल्या आणि वहिनींच्या डोक्याला बांधलेला रुमाल पाहून दारातच थांबल्या. फाती पदराआड गेली. त्यांची काय चूक? पण वहिनींनी ते पाहिले. त्यांच्या धाकट्या बहिणीने मात्र ती फाती उघड मागून घेतली, गणपतीच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी वहिनी माळतील." आणि एक मऊ सुती रुमाल काढून दिला, शिवण नसलेला, कारण उघड्या टाळूला शिवण टोचते. विग देणारेही भेटतील. ज्याला हवा त्याने जरूर घ्यावा, पण आपल्या दमट हवेत तो तासाभरात खाजतो. माणसाने स्वतः म्हटल्याशिवाय आणू नये.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका पुढे कायम राहतो. त्या हातात घट्ट बांगड्या, घट्ट बाही नको. हातही वर जात नाही, म्हणून डोक्यातून घालायचा गाऊन नको, समोरून उघडणारा सैल कपडा हवा. साडीच्या दुकानात जाण्याआधी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आमच्या नोकरीमुळे आम्हाला जिव्हाळ्याचा वाटतो तो विषय कागदांचा. भावाच्या एका मित्राने कप्प्यांची जाड फाईल आणून दिली. एका कप्प्यात बायोप्सीचे रिपोर्ट, एकात रक्ताचे, एकात बिले, एकात कार्डे, आणि एक शंभर पानी वही: तारीख, औषध, ताप, उलटी, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. मग तोच एक दिवस रजा टाकून दाखल्यांसाठी पेडण्याच्या मामलेदार कचेरीत रांगेत उभा राहिला. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण. पण कार्डाचे नूतनीकरण राहिलेले असते, नावात एक अक्षर वेगळे असते, आणि ते कळते ते इस्पितळाच्या खिडकीशी. ज्यांना कचेऱ्यांची सवय आहे त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. मूळ कागद कोणाकडे सोडू नयेत, झेरॉक्स तीन काढाव्यात. सांगायला रुक्ष वाटते खरे, पण भाऊ सांगतो की त्या फाईलमुळे तो रात्री झोपू लागला.

पैसे द्यायचे असतील तर खाटेपाशी देऊ नयेत, खर्च पाहणाऱ्याच्या हाती द्यावेत. पाचशेएकचे पाकीट शुभकार्याला शोभते. इथे गाडीत पेट्रोल भरून दिले तरी चालते.

काढ्यांविषयी थोडक्यात. कोणाच्या गावात कोणाला कशाने गुण आला, लक्ष्मणफळ, अमुक पाला, तमुक चूर्ण. आणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण पाल्यातही औषध असते आणि ते केमोच्या औषधाला आडवे येऊ शकते, यकृतावर ताण पडू शकतो. बाटली द्यायचीच तर डॉक्टरांना दाखवून द्या. आणि न घेतल्यास रुसू नका.

पूर्वी आपल्याकडून माणसे मुंबईला परळच्या टाटाला जात, अजूनही जातात. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, आणि त्यांच्या घराण्याच्या ट्रस्टने उभारलेले हे इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. पण इस्पितळात खाट मिळाली तरी सोबतच्या माणसाने राहायचे कुठे? दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी आहे. आणि लालबाग-परळच्या चाळींतून राहणारे आपले नातलग! दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे असताना सहावे-सातवे महिना महिना ठेवून घेतले. आमच्या आजोबांच्या वेळी असेच एका चुलत आत्याने केले. ती भेट होती असे तिला कोणी सांगितले असते तर ती हसली असती. इथल्या ज्या घरांची मुले आज मुंबईत, पुण्यात फ्लॅट घेऊन आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता एक नाजूक गोष्ट. आजारी माणसाला आपण लगेच सगळ्या कामांतून मोकळे करतो. 'तू पड, आम्ही बघतो.' दोन दिवस बरे वाटते, मग त्याला वाटू लागते की आपल्यावाचून सगळे चालते आहे. मनोहर पर्रीकर आपल्या शेजारच्या म्हापशाचे. डिसेंबर २०१८ मध्ये नाकात नळी असताना ते मांडवीवरच्या पुलाचे काम पाहायला गेले, ३० जानेवारी २०१९ रोजी त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला, आणि १७ मार्चला ते गेले. त्यांनी तसे करावे की नाही यावर त्या वेळी खूप वाद झाला, तो आज इथे नको. आम्ही कामावरचे लोक एवढेच पाहत होतो की काम हातात असले की माणूस कसा उभा राहतो.

गेल्या चवथीला वहिनींची तिसरी केमो होऊन आठ दिवस झाले होते. गर्दीत यायचे नव्हते. माटोळी दरवर्षी त्याच बांधून घेतात. आम्ही पुरुष माणसे नारळ, सुपारीचा घड, आंबाडे, कवंडळ आणून टाकतो, कुठे काय बांधायचे ते त्यांनाच ठाऊक. आई त्यांच्या खोलीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "यंदा माटोळी कशी बांधायची ते आम्हाला जमत नाही, तू सांग." आईला न जमायला काय झाले? पन्नास वर्षे तिनेच बांधली. बाल्कांवात खुर्ची टाकली, मास्क लावून वहिनी बसल्या, आणि उघड्या खिडकीतून तासभर मुलांना हुकूम सोडत होत्या: कवंडळ मध्ये नको, आंबाडे डावीकडे, ती दोरी सैल आहे. घुमट आरतीही यंदा मुलांनी आत न करता अंगणात केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून अर्धी वाटी पेज जास्त मागितली.

सध्या आपल्या गावात आणखी तिघांचे उपचार चालू आहेत. नावे घेणार नाही, त्यांची इच्छा असेल तर तेच सांगतील. मंडपाच्या उजव्या बाजूला, प्रसादाच्या टेबलाशेजारी, एक वही ठेवली आहे. त्यात नाव, फोन, वार, आणि गाडी आहे की कागदपत्रांची मदत की पेजेचा डबा, एवढेच लिहायचे. कोणी कुठे जायचे ते मंडळाचे कार्यवाह कळवतील. वहीला पेन सुतळीने बांधले आहे, कृपया ते घेऊन जाऊ नये.