इंजिनाचा धूर फार तापतो? आधी भार पाहा, मग नोझल



सोलापूर जिल्ह्यात विजेचे आणि सौर पंप वाढले, तरी डिझेल इंजिन अजून आपल्या शेतावरून गेलेले नाही. उजनीच्या फुगवट्यालगत पाणी मागे सरकले की विजेची तार तेथवर पोचत नाही, मग इंजिनच न्यावे लागते. अशा वेळी एक तक्रार हमखास येते. "सायलेन्सर लाल होतो, धूर काळा येतो, नवे नोझल बसवले तरी फरक नाही." आज याच तक्रारीचा विचार करू.

धूर तापतो म्हणजे काय होते?

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांशच कामी येते. जवळजवळ तेवढीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. लहान इंजिनात पूर्ण भारावर धुराचे तापमान साधारणपणे 400 ते 500 अंश सेल्सिअस असते. ते याहून बरेच वाढले, तर डिझेल जास्त जळते आहे, उशिरा जळते आहे किंवा त्याला हवा पुरत नाही, असे समजावे. दुर्लक्ष केल्यास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो, पिस्टन धरतो आणि हेडला तडा जातो. ऐन उन्हाळ्यात उभ्या उसाचे पाणी चुकते ते वेगळेच.

जहाजाच्या मोठ्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या धुराच्या वाटेवर तापमापक असतो. एकाच सिलिंडरचा धूर तापला, तर त्याचे नोझल व व्हॉल्व्ह तपासतात. सगळ्यांचा तापला, तर भार आणि हवा पाहतात. तीन-चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरलाही हाच नियम लागू आहे. आपल्या पंपाच्या इंजिनाला मात्र सिलिंडर एकच. म्हणून तपासणी क्रमाने करावी आणि बिनखर्चाची कामे आधी करावीत.

1. भार

एका शेतकऱ्याने पाणी जास्त यावे म्हणून इंजिनावरची 5 इंची पुली काढून 6 इंची बसवली. पंपाचा वेग सव्वापटीच्या आत, म्हणजे 1.2 पट झाला. पण सेंट्रिफ्युगल पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 1.2 गुणिले 1.2 गुणिले 1.2 म्हणजे सुमारे 1.73. जेथे 4 अश्वशक्ती लागत होती, तेथे जवळजवळ 7 लागू लागली आणि इंजिन होते 5 अश्वशक्तीचे! त्याने नोझल बदलले, हेड उतरवले, पैसे घातले. जुनी पुली परत चढवताच धूर निवळला.

दुसरी गोष्ट उजनीकाठच्या शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. धरण भरले म्हणजे पाणी कमी उंचीवर चढवायचे, तेव्हा इंजिनाला आराम, असे आपल्याला वाटते. सेंट्रिफ्युगल पंपाचे बहुधा उलट असते. उंची कमी झाली की पंप जास्त पाणी फेकतो आणि भार वाढतो. पूर्ण भरलेल्या उजनीची पातळी आणि मृतसाठ्याची पातळी यांत सुमारे 6 मीटरचा फरक आहे. त्यामुळे उन्हाळ्यात नीट चालणारे इंजिन धरण भरल्यावर काळा धूर टाकू लागते.

याची परीक्षा सोपी आहे. इंजिन तापल्यावर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा. धूर लगेच स्वच्छ झाला, तर दोष भाराचा आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून मात्र पंप चालवत ठेवू नये.

2. हवा

ज्वारीच्या मळणीत ट्रॅक्टरभोवती भुसा आणि धूळ उडते. अशा दिवसांत एअर क्लीनर रोज पाहावा. ऑइल बाथ असेल, तर गाळ साचलेले ऑइल बदलावे. क्लीनर काढून इंजिन चालवण्याचा मोह टाळावा, कारण धुळीने लायनर आणि रिंगा झिजतात. हवा तापली की विरळही होते. 25 अंशांच्या मानाने 42 अंशांच्या हवेत प्राणवायू सुमारे 5 टक्के कमी भरतो. म्हणून बंद पत्र्याच्या खोपटात इंजिन ठेवू नये आणि त्याचाच धूर त्याने परत ओढावा अशी मांडणीही करू नये.

3. धुराची वाट

सायलेन्सरमध्ये काजळी साचली किंवा लांब, अरुंद, वाकणांचा पाइप जोडला, तर धूर कोंडतो. सायलेन्सर उतरवून साफ करावा.

4. टॅपेट, नोझल आणि टायमिंग

वरील तिन्ही गोष्टी ठीक असतील तरच पुढे जावे. टॅपेटचे अंतर पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. अंतर फार कमी झाले, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते आणि व्हॉल्व्ह जळतो. नोझल थेंब गाळत असेल, तर डिझेल उशिरा जळत राहते. पंपाचे टायमिंग मागे पडले तरी हेच घडते. ही तपासणी जाणकार मेकॅनिककडून, टेस्टिंग मशीनवर करून घ्यावी. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये, तो कातडीत घुसतो. कॉमन रेल इंजिनाच्या ट्रॅक्टरचे डिझेलचे नट चालू इंजिनात कधीही सैल करू नयेत. फ्युएल पंपाचा सीलबंद स्क्रू पिळून ताकद वाढवणे म्हणजे धुराचे तापमान विकत घेणे होय.

नोंद ठेवा

इंजिन चांगले चालत असतानाच दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत. एक, तासाला लागणारे डिझेल. 5 अश्वशक्तीचे ठीक असलेले इंजिन पूर्ण भारावर साधारण एक ते सव्वा लिटर घेते. दुसरा, हेडजवळच्या धुराच्या पाइपचे तापमान. ते इन्फ्रारेड तापमापकाने लांबूनच, नेहमी एकाच जागी घ्यावे. पाइपचे हे तापमान आतल्या धुरापेक्षा कमी भरते, पण पुढच्या वेळी तुलनेला तेवढे पुरते.

बंधूंनो, इंजिन बिघडण्याआधी धुरातून सांगत असते. पुढच्या वेळी सायलेन्सर लाल दिसला, तर पाना हातात घेण्याआधी पुली, गेट व्हॉल्व्ह आणि एअर क्लीनर या तिघांकडे पाहावे. निम्मे काम तेथेच होईल.